आईसाठीसुद्धा नाही

पेशन्स गावात मयताला न जाणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर वैरी. लेमुएल दोन्ही नव्हता. तो जटा राखणाऱ्या रास्ताफारी पंथाचा होता, आणि वर राजकारणात होता. या दोन गोष्टी एका अंगात कशा नांदतात हे त्याची थोरली बहीण डेलरोज हिला कधीच नीट कळलं नाही. पण त्या नांदाव्यात म्हणून तिने आपले चर्चचे काळे बूट मात्र पुरते झिजवले, कारण लेमुएलच्या वाट्याची सगळी मयतं तीच करायची.

आमच्या डोंगरात मतं भाषणांनी मिळत नाहीत. भाषण ऐकायला माणसं येतात ती फुकटच्या थंड बाटलीसाठी, आणि बाटली संपली की जातात. मतं मिळतात ती मयताच्या घरी. तुम्ही रात्रजागरणाला आलात का, डॉमिनोच्या टेबलावर बसलात का, बोकडाच्या सुपाचा वाडगा दोन्ही हातांनी घेतलात का, आणि शेवटी शवपेटीला खांदा दिलात का, हे लोक बघतात आणि वर्षानुवर्षं विसरत नाहीत. लेमुएलच्या पंथात मात्र मेलेल्याजवळ जायचं नाही. ज्याने जटा राखायचा नवस केला त्याने प्रेताला शिवायचं नाही, प्रेताच्या छपराखाली उभं राहायचं नाही. मेलेल्यांनी मेलेल्यांना पुरावं, जित्यांनी जित्यांचं बघावं.

मग डेलरोज जायची. काळी हॅट घालून पुढच्या बाकावर बसायची आणि शेवटी उठून म्हणायची, "माझ्या भावाने कळवलंय, तो तुमच्या दुःखात आहे." आणि दहा-बारा दिवसांनी, रडणं ओसरून पाहुणे पांगले की, लेमुएल स्वतः त्या घरी हातोडा घेऊन हजर व्हायचा. विधवेचं गळकं छप्पर नीट करायचा, यामचे कंद लावायला जमीन खणून द्यायचा, दिवसभर राबून पाणी तेवढं पिऊन जायचा. लोक म्हणायचे, रास्ताफारी माणूस, त्याची रीत वेगळी. आणि मत द्यायचे.

लहानपणापासूनच त्याची रीत वेगळी. मिस आयसीने, म्हणजे त्यांच्या आईने, त्याचं नाव बायबलातून काढलं होतं. लेमुएल राजाला त्याची आई सांगते की बाळा, राजांनी दारू पिऊ नये, मुक्यांसाठी तोंड उघडावं. मिस आयसीला वाटलं, पोरगा निदान पाद्री होईल. पोराने विशीत जटा वाढवल्या, मीठ सोडलं, मांस सोडलं, पंथ देव मानतो त्या इथिओपियाच्या सम्राटाचं चित्र भिंतीवर लावलं आणि पंथबंधूंशी बोलताना 'तू' आणि 'मी' असं म्हणायचं बंद करून दोघांना मिळून 'मी-नि-मी' म्हणायला लागला. "सगळे पेरू एकट्याने खाणारा कार्टा हा," मिस आयसी म्हणायची, "आता म्हणे मी-नि-मी."

पण तोंड त्याने उघडलं ते मुक्यांसाठीच. तेव्हा डोंगरावर लाकूडकोळशाच्या भट्ट्या होत्या. तो जाऊन भट्टीसमोर बसायचा. मारलं तर मार खायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसायचा. कोळसेवाले कंटाळून गेले. मग त्याने उघड्या पडलेल्या उतारावर झाडं लावली, आणि आजोबांच्या काळात आटलेला गावचा झरा एके वर्षी पुन्हा वाहायला लागला. झऱ्यावर भांडं भरताना बायकांनी ठरवलं की याला परगण्याच्या कौन्सिलवर पाठवायचं, आणि पाठवलं.

वरच्या छावणीतले त्याचे पंथबंधू नाराज झाले. सरकारला ते बॅबिलॉन म्हणत. त्यांचा म्हातारा पुढारी म्हणाला, "बॅबिलॉनच्या स्वयंपाकघरात शिरलास तर ताटात पडेल ते खावं लागेल."

"जेवायला नाही जात," लेमुएल म्हणाला. "चुलीवर पाणी ओतायला जातोय."

कौन्सिलवरून तो पार्लमेंटात गेला. तिथे दारावरच्या शिपायाने पहिल्या दिवशी विणलेली टोपी काढायला सांगितली. याने काढली, आणि जटा पार पोटरीपर्यंत खाली आल्या तेव्हा शिपायानेच हात जोडून ती परत घालायला लावली. पुढे त्याला पर्यावरणाचा राज्यमंत्री केलं. पक्षाला झाडं नको होती, झाडाचं चित्र हवं होतं. परदेशी पाहुण्यांच्या शेजारी त्याला उभं करून फोटो काढायचे, आणि मग कामाच्या बैठकीतून वगळायचं, असा एकूण कारभार.

पण एक गोष्ट त्याच्या हातात राहिली. पेशन्सच्या डोंगराखाली लाल माती होती, बॉक्साइटची. एका कंपनीला ती हवी होती, आणि खोदायची परवानगी लेमुएलच्या सहीशिवाय मिळत नव्हती. त्याने नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर त्याच दिवशी खातं गेलं असतं. तो म्हणायचा, "वाचतोय." पंतप्रधानांनी विचारलं तरी, "वाचतोय." असा तो ते कागद वर्षानुवर्षं वाचत होता. सगळ्या गावाला ठाऊक होतं की लेमुएल खुर्चीवर आहे तोवर डोंगराला कुणी हात लावत नाही. आणि डेलरोजला ठाऊक होतं की त्या डोंगरात, त्यांच्याच अंगणात, आजोबा, आजी आणि बाप चुन्याने रंगवलेल्या कबरींत पडलेत, आणि ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली भावाची नाळ पुरलेली आहे.

तर निवडणूक जाहीर झाली, आणि त्याच पंधरवड्यात एका सकाळी, पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलता सोलता, मिस आयसी गेली. मांडीवरचं भांडं सांडलंसुद्धा नाही.

निरोप मिळताच लेमुएल किंग्स्टनहून निघाला आणि दुपारी पोचला. फाटकापर्यंत धावत आला आणि तिथे थांबला.

"आत ये," डेलरोज म्हणाली.

"कुठे आहे ती?"

"तिच्या खाटेवर. अंग पुसून ठेवलंय. ये."

तो हलला नाही. फाटकाच्या खांबाला त्याने धरलं होतं.

"लेम, आज नाही हां. आज मला बायबल ऐकवू नकोस."

"मी काही बोललोच नाही."

"तुझं तोंड बोलतंय."

"त्यात लिहिलंय, डेल. बापासाठी नाही, भावासाठी नाही, बहिणीसाठी नाही. आईसाठीसुद्धा नाही. एकेकाचं नातं घेऊन लिहिलंय. माणूस कुठे अडखळेल ते देवाला, त्या 'जाह'ला, ठाऊक होतं."

"त्याच पुस्तकात आईबापाचा मान राख म्हणूनही लिहिलंय. तेवढं पान उंदरांनी खाल्लं वाटतं?"

घरातून शेजारणींचं गाणं ऐकू येत होतं.

"आणि शिवलास तर काय होईल? आभाळ कोसळेल?"

"नाही. सातव्या दिवशी डोकं भादरायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. मागचे सगळे दिवस फुकट."

"मग भादर की. केस परत येतात रे. ही येणार आहे का?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. डेलरोजला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण ती प्रेताला शिवलेली होती. आपण हात लावला तर हा मागे सरेल, आणि सरला तर आपल्याला ते सोसायचं नाही, म्हणून तिने हात कमरेच्या फडक्यात गुंडाळून ठेवले. मग तिने शेवटचं अस्त्र काढलं.

"निवडणूक तोंडावर आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मयताला तुझ्या जागी मी गेले. स्वतःच्या आईच्या मयताला बदली चालत नाही, लेम. पेटीच्या उशाकडची उजवी मूठ थोरल्या मुलाची असते. ती रिकामी दिसली तर लोक तुला सोडायचे नाहीत. तू पडशील. तू पडलास की हा डोंगर गेला."

"म्हणजे मतांसाठी आईला खांदा देऊ?"

"आईसाठी दे. मतं आपोआप येतील."

"तेच तर," तो म्हणाला. "या दोन गोष्टी मला आता वेगळ्या करता येत नाहीत. खांदा दिला तर आयुष्यभर मलाच कळायचं नाही, कुणासाठी दिला. जे धरून मी भट्टीसमोर बसलो तेच सोडून डोंगर वाचवू, तर वाचवणारा कोण उरला?"

डेलरोज पाठ फिरवून आत गेली. थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं तर लेमुएल फाटकाबाहेर मातीत बसला होता. पायरीवरचं तुरीचं भांडं त्याने कुणाकडून तरी मागून घेतलं होतं, आणि आईने अर्ध्यावर सोडलेल्या शेंगा तो एकेक करून सोलत होता. सगळ्या सोलून झाल्यावर भांडं फाटकाच्या खांबावर ठेवून तो वर छावणीकडे निघून गेला.

नऊ रात्रींचं जागरण रीतीप्रमाणे झालं. तळलेले मासे, पाव, पांढरी रम, डॉमिनो. एकही रात्र न चुकवता आला तो मिस्टर ग्लॅसफर्ड, विरोधी पक्षाचा उमेदवार. हा हार्डवेअरचा दुकानदार. मनाने वाईट नव्हता, पण मयत म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. सगळ्यांत मोठ्या आवाजात तो गायचा, सगळ्यांत आधी रडायचा. जागरणाला बोकड त्यानेच पाठवला. मिस आयसीने त्याला जन्मात दोनदा 'गुड मॉर्निंग' म्हटलं असेल, पण आता ती त्याची दुसरी आई होती. मेल्या म्हशीला मणभर दूध. डेलरोज हे सगळं बघत होती आणि प्रत्येकाला सूप वाढत होती, त्यालाही. मयताच्या घरातून कुणाला उठवायची आमच्यात रीत नाही.

चर्च खच्चून भरलं होतं. गावातली झाडून सारी माणसं आली, आणि लगतच्या गावांतलीही. त्यातली निम्मी मिस आयसीसाठी आली होती आणि निम्मी, तिचा मंत्री मुलगा येतो का ते बघायला. प्रार्थना झाली, गाणी झाली. पाद्र्याने पेटी उचलायला पुरुषांना बोलावलं. चुलत-मावस भाऊ पुढे आले. मुठी धरल्या. उशाकडची उजवी मूठ तशीच राहिली.

पाद्री थांबला. पेटी एका अंगाला कलली, कुणी तरी सावरली. सगळं चर्च त्या पितळी मुठीकडे बघत होतं. मागच्या बाकावर मोबाइल वर निघाले. डेलरोजला वाटलं होतं, अगदी शेवटच्या क्षणी लेमुएल येईल. दार उघडेल, जटांची ती गुंडाळी दिसेल, लोक वाट देतील. रात्रभर तिने हेच चित्र मनात पाहिलं होतं. दार उघडं होतं आणि बाहेर नुसतं ऊन होतं.

"मिस डेलरोज," शेजारून हलक्या आवाजात कुणी तरी बोललं. ग्लॅसफर्ड होता, काळ्या सुटात, घामेजलेला. "तुमची परवानगी असेल तर."

नाही म्हणायचं तर म्हणता आलं असतं. पाव्हण्या-रावळ्यांतला कुणीही पुढे झाला असता. पण त्या घडीला तिला भावाचा इतका राग आला होता की तिने ग्लॅसफर्डकडे न बघताच मान हलवली. त्याने मूठ धरली आणि मिस आयसी उचलली गेली.

चर्चपासून अंगणापर्यंतची चढण गात गात चढताना, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, समोरच्या डोंगरावरून ढोल ऐकू आला. जड, सावकाश, काळजाच्या ठोक्यासारखा. डेलरोजने वर पाहिलं. पलीकडच्या कड्यावर पांढऱ्या कपड्यातला एक ठिपका होता. पेटी खाली जाईपर्यंत, माती पडेपर्यंत, तो तिथेच होता आणि ढोल चालूच होता. तिला तेव्हा खरंच रडू फुटलं. पण तिच्या मागे उभी असलेली बाई दुसरीला म्हणत होती, "बघा, आई खड्ड्यात जातेय आणि हा वर ढोल बडवतोय."

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. ग्लॅसफर्ड मूठ धरून चाललाय, तो फोटो मतदारसंघातल्या प्रत्येक मोबाइलवर गेला. त्याखाली काही लिहायचीसुद्धा गरज नव्हती. दुकानाच्या पायरीवर, झऱ्यावर, टॅक्सीत, एकच वाक्य. "आईला खांदा दिला नाही, तो डोंगराला काय देणार?" डेलरोज घरोघर फिरली. ज्या बायकांच्या नवऱ्यांना तिने स्वतः गाणी म्हणून पोचवलं होतं, त्या तिला खुर्ची द्यायच्या, लिंबाचं सरबत द्यायच्या आणि जमिनीकडे बघायच्या.

एकीने तर बोलून दाखवलं. "तो माणूस चांगला आहे गं. माझं छप्पर त्याने घातलं. पण आईचं म्हणजे फारच झालं."

"त्याने ते छप्पर कशाच्या जोरावर घातलं, माहितेय?" डेलरोज म्हणाली. "ज्याच्या जोरावर तो आला नाही, त्याच्याच."

"असेल," ती बाई म्हणाली. "मी काही शिकलेली नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. निवडणुकीत त्याचा पक्ष देशभर जिंकला आणि लेमुएल पेशन्समध्ये पडला. त्याने ग्लॅसफर्डचा हात हातात घेतला, अभिनंदन केलं, आणि पायी चालत छावणीकडे गेला. राज्यमंत्र्याच्या खोलीतले पडदे बदलायच्या आत नव्या माणसाने कंपनीच्या कागदावर सही केली. सही करणारा लेमुएलच्याच पक्षाचा होता. विरोधी बाकावर बसलेल्या ग्लॅसफर्डने पार्लमेंटात निषेधाचं भाषण केलं आणि त्यात मिस आयसीचं नावही घेतलं, असं म्हणतात.

वरचं घर आपलं असतं, पण खालची माती सरकारची, हे गावाला तेव्हा समजलं. मोठ्या रस्त्याच्या कडेला कंपनीने एकसारखी घरं बांधून दिली. नळ होता, वीज होती, खाली सिमेंट होतं. ज्यांनी ग्लॅसफर्डला मत दिलं होतं तेही तिथेच गेले, डेलरोजही गेली. कुणी कुणाला काही बोललं नाही. बोलून काय करणार, सगळेच एका ट्रकमधून आले होते. ती भावाशीही बोलली नव्हती. मयताच्या दिवसापासून नाही. राग कुणावर होता ते तिला सांगता आलं नसतं. कधी त्याच्यावर असायचा, कधी त्या पाद्र्यावर, आणि बहुतेक वेळा आपल्याच हललेल्या मानेवर.

मग काही वर्षांनी कबरींची पाळी आली. कंपनीने मोठ्या रस्त्यापलीकडे नवी दफनभूमी आखली होती. ठरलेल्या दिवशी जुन्या अंगणात पांढरा तंबू लागला, आणि हेल्मेट घातलेला एक साहेब नव्या छोट्या पेट्या घेऊन आला. घराचं छप्पर आधीच काढून नेलेलं होतं. आजोबा, आजी आणि बाप सकाळीच निघाले. त्यांच्यात उचलण्यासारखं, हात लावण्यासारखं काही उरलंच नव्हतं, नुसती माती. राहिली मिस आयसी.

"आमची माणसं करतील," साहेब म्हणाला. "तुम्ही सावलीत बसा, मॅडम."

"घरचा हात आधी लागायला हवा," डेलरोज म्हणाली.

साहेबाने कबर खोदणाऱ्या टायटसकडे पाहिलं. टायटस गावचाच, आता कंपनीच्या पगारावर. त्याने मान खाली घालून सांगितलं, "खरं आहे, साहेब. मेलेल्याला हलवायचं तर रम शिंपडून आधी सांगावं लागतं, आणि पहिला हात रक्ताच्या माणसाचा लागतो. नाही तर त्याला नवी जागा सापडत नाही. वाट चुकतो तो."

"मग लावा हात," साहेब म्हणाला.

डेलरोज खड्ड्याच्या काठाशी गेली. गुडघे वाकले नाहीत. पुन्हा प्रयत्न केला, तर टायटसला तिला धरावं लागलं. चुलत भाऊ कोण लंडनला, कोण न्यूयॉर्कला. ग्लॅसफर्ड आज आला नव्हता. आज फोटो नव्हते. यंत्रवाला आपल्या जागेवर बसून इंजिन चालू करायची वाट बघत होता, आणि डेलरोज तिथे रमची बाटली धरून उभी होती. आईला या परक्या माणसांनी फावड्याने काढायचं आणि आपण बघायचं, यापलीकडे तिच्या हातात काही राहिलं नव्हतं.

तेव्हा टायटस म्हणाला, "फाटकाशी बघा."

फाटक नव्हतंच आता, नुसता खांब होता. त्या खांबाला धरून लेमुएल उभा होता. तो वाळला होता. दाढी पांढरी झाली होती. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"आता कशाला आलास?" डेलरोज म्हणाली.

"वाट चुकेल ती," तो म्हणाला.

भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. असल्या गोष्टींवरून त्याने मिस आयसीची जन्मभर थट्टा केली होती. मी मेले की येशील ना रे, असं तिने एकदा विचारलं तर म्हणाला होता, तू मरणारच नाहीस. त्यावर ती म्हणाली होती, "हे बरंय तुझं. मरणच नाकारलं की सुपाचा खर्च नको."

त्याने चपला काढल्या. टोपी काढून खांबावर ठेवली. जटा गुंडाळून पाठीवर बांधल्या, आणि अंगणात आला. खड्ड्याशी क्षणभर थांबला. डेलरोजला वाटलं, अजूनही परत फिरेल. आपण 'फीर' म्हणावं, असंही तिला वाटून गेलं. कशासाठी उतरतोस आता? डोंगर गेला, खुर्ची गेली, घर गेलं. एक नवस तेवढा तुझ्याजवळ राहिला, तो तरी ठेव. हे सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिथेच राहिलं. तो उतरला होता.

जुनं लाकूड खचलं होतं. टायटसने फळी सरकवली. लेमुएलने खाली वाकून दोन्ही हात आत घातले, आणि बराच वेळ तसाच राहिला. वरून त्याची पाठ तेवढी दिसत होती. डेलरोजने रम शिंपडली आणि सांगितलं, "आई, आम्ही तुला हलवतोय. आमचा इलाज नाही. लेम आहे तुझ्याजवळ."

त्याने एकेक करून आईला नव्या पेटीत ठेवलं. रविवारच्या पोशाखाची निळी चिंधी, तीसुद्धा झटकून नीट घातली. मग पेटी उचलून वर दिली.

"डेल," तो खड्ड्यातून म्हणाला, "एवढी हलकी कशी गं झाली?"

ट्रकमध्ये ठेवायला साहेबाने हात पुढे केले, पण लेमुएलने दिली नाही. मोठ्या रस्त्यापलीकडच्या त्या बोडक्या दफनभूमीपर्यंत पेटी खांद्यावर घेऊन तो चालत गेला. डेलरोज मागून चालली. बघायला कुणी नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी तो नव्या घरी आला, आणि पायरीवर तिच्याकडे पाठ करून बसला. तिने आईची शिवणाची कात्री आणली. जटा दोरखंडासारख्या होत्या, कात्रीला आवरत नव्हत्या. एकेक धरून कापावी लागली. भट्ट्यांच्या दिवसांतल्या टोकाला होत्या, झऱ्याच्या दिवसांतल्या त्यावर, पार्लमेंटातल्या मुळाशी. शेवटी राहिलेले केस तिने बारीक केले. खालून एक म्हातारा होऊ लागलेला, ओशाळवाणा चेहरा निघाला, आणि दोन पुढे आलेले कान.

"कान अजून तसेच आहेत तुझे," ती म्हणाली.

तो हसला नाही. "तेव्हाच कापल्या असत्या, डेल, तर—"

"मान हलवू नकोस. लागेल."

समोर डोंगरावर यंत्रं चालली होती. कड्याची एक बाजू सोललेल्या गुडघ्यासारखी लाल दिसत होती. चहा पिऊन तो उठला. पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणाला, छावणीत रोपं आहेत, ती कुठे तरी लावायला हवीत. कुठे, ते तिने विचारलं नाही.

तो गेल्यावर तिने जटा पिठाच्या रिकाम्या पोत्यात भरल्या आणि पोतं उचललं. ते आईच्या पेटीपेक्षा जड होतं. मिस आयसी सांगायची, कापलेले केस उघड्यावर टाकू नयेत. पक्षी नेतात, घरट्यात घालतात, आणि माणसाच्या डोक्याला शांती मिळत नाही. ज्याचे त्याच्या नाळेच्या झाडाखाली पुरावेत. लेमुएलचं ते ब्रेडफ्रूटचं झाड मागच्याच महिन्यात यंत्राने उपटलं होतं. निदान अंगणात कुठे तरी पुरू, म्हणून डेलरोज पोतं घेऊन घराभोवती फिरली. भिंतीपासून कुंपणापर्यंत सगळीकडे सिमेंट होतं.

शेवटी तिने ते पोतं आत आणलं आणि आईच्या खुर्चीवर ठेवलं.